मोटर जळते ती अर्ध्या आट्यापायी!



गेल्या रब्बीतली गोष्ट आहे. चिखली तालुक्यातल्या एका गावी हरभरा पाहायला गेलो होतो. पीक नामी होते. घाटे धरले होते, आता भरायला लागायचे होते. पण धुऱ्यावर मालक डोक्याला हात लावून बसलेले.

"काय झालं भाऊ?" मी विचारले.

"काय सांगू साहेब, मोटर पुन्हा जयली. या सालात तिसऱ्यांदा."

"कशानं जळते म्हणता?"

"मिस्त्री म्हणते, होल्टेज कमी राह्यते. दोन डाव भरून आनली, तिसऱ्या डावानं पैसे कोठून आनू?"

घाटे भरण्याच्या वेळी हरभऱ्याला पाण्याचा ताण पडला तर दाणा बारीक राहतो, वजन घटते. विहिरीत पाणी होते, तारेत वीज होती, पण मोटर खामगावच्या बाजारात भरायला पडली होती. घरातली लक्ष्मी मुकाट्याने डब्यातले पैसे मोजत होती. हे चित्र तुमच्यापैकी कित्येकांच्या ओळखीचे असेल.

मी शेतीखात्याचा माणूस, वायरमन नव्हे. पण तीस वर्षे बांधाबांधाने फिरल्यावर काही गोष्टी डोळ्यांना आपोआप दिसू लागतात. मेन स्विच पाडला, फ्यूजच्या तिन्ही किटकॅट काढून खिशात टाकल्या, टेस्टर लावून खात्री केली आणि स्टार्टरचा डबा उघडला. तिन्ही तारांपैकी मधल्या तारेचे रबर वितळून काळे पडलेले. तिच्या स्क्रूवर पेचकस ठेवून फिरवला. स्क्रू अर्धा आटा फिरला.

बस, एवढेच. व्होल्टेजचा दोष थोडाबहुत असेलही, पण मोटर तीनदा जळाली ती या अर्ध्या आट्यापायी. दोन वेळा मोटर भरून आली, दोन्ही वेळा तीच जळकी तार त्याच ढिल्या स्क्रूखाली पुन्हा अडकवली गेली. दुखणे स्टार्टरमध्ये आणि औषध मोटरला, असा तो प्रकार होता.

तेव्हा आज खते-बियाणे बाजूला ठेवून याच अर्ध्या आट्याबद्दल बोलू. वीज जिथे स्क्रूने किंवा चाकीने आवळून जोडलेली असते, ती जोडणी हादऱ्याने ढिली होतेच. ती होऊ नये म्हणून काय करावे, आणि होत असेल तर वेळीच कळावे कसे, हे या लेखात सांगतो.

माझ्या हातून झालेली चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपली चूक सांगावी. मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो, तेव्हा वडिलांनी कडबाकुट्टीला विजेची मोटर बसवली होती. तार अपुरी पडली. मी शिकलेला मुलगा! दोन तारा एकमेकींना पीळ देऊन जोडल्या, वर पट्टी गुंडाळली, दुसरे टोक स्क्रूखाली दाबले आणि मोठ्या ऐटीत यंत्र सुरू करून दिले.

कडबाकुट्टी म्हणजे थरथरणारे यंत्र. पंधरा दिवसांनी भरदुपारी त्या जोडातून ठिणगी पडली आणि शेजारची कडब्याची गंजी पेटली. गोठ्यातली बैलजोडी आईने दावी कापून बाहेर काढली, म्हणून वाचली. गंजी मात्र राख झाली. त्या सालचा चारा विकत घ्यावा लागला.

वडील रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बांधून देल्लं ते ठीक. पन मंग पाह्यलं कोनं?"

पुढे पुष्कळ पुस्तके वाचली, पण या विषयावर याहून नेमके वाक्य मला कुठे सापडले नाही.

स्क्रू धरून कसा ठेवतो?

आपण समजतो, स्क्रू आवळला म्हणजे तो जागी 'अडकून' बसला. तसे नाही. स्क्रू किंवा बोल्ट आवळताना तो अगदी किंचित ताणला जातो, ताणलेल्या रबरासारखा. तो ताण तारेला पत्र्यावर दाबून धरतो. या दाबामुळे जे घर्षण होते, तेच स्क्रूला उलटे फिरू देत नाही. ताण गेला की दाब गेला, आणि दाब गेला की घर्षण गेले.

आता यंत्र हादरू लागले की जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकतात. हे सरकणे डोळ्यांना दिसत नाही, पण प्रत्येक सरकण्यात आटे क्षणभर सुटे होतात आणि चाकी केसभर मागे फिरते. मोटर मिनिटाला चौदाशेच्या वर फेरे घेते. केसभर, केसभर करता करता अर्धा आटा व्हायला किती वेळ लागणार?

गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९६९ साली हेच प्रयोगाने दाखवून दिले. उभ्या धक्क्यांपेक्षा आडव्या थरथरीने बोल्ट लवकर सुटतो, हा त्याचा निष्कर्ष. आज जगभर बोल्टची परीक्षा त्याच्याच पद्धतीच्या यंत्रावर घेतात.

पण आपल्या वाडवडिलांना हे प्रयोगावाचून ठाऊक होते. बाजाराला निघण्याआधी म्हातारा माणूस बैलगाडीच्या आसाची खीळ हाताने चाचपून पाहायचा. मलकापूर, नांदुरा, शेगावकडच्या वाचकांनी रेल्वेमार्गावर पायी फिरणारे कामगार पाहिले असतील. लोखंडी रूळ, जाडजूड बोल्ट, तरीही गाड्यांच्या हादऱ्याने ते सैल होतात, म्हणून माणसे पाना घेऊन मार्गावर फिरत असतात. रेल्वेला जे करावे लागते ते आपल्या स्टार्टरला नको, असे कसे होईल?

हादऱ्याच्या जोडीला आणखी एक शत्रू आहे. मोटर चालू असताना जोडणी गरम होते, बंद झाली की गार होते. गरम झाले की धातू फुगतो, गार झाला की आकसतो. रोजच्या या फुगण्या-आकसण्यानेही पकड सुटत जाते.

ढिल्या स्क्रूचा हिशेब

पाच हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटर पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर वीज ओढते. जोडणी घट्ट असेल तर तिथे विजेला अडथळा जवळजवळ नसतोच. ती ढिली झाली आणि समजा अर्धा ओहम अडथळा झाला, तर? अँपिअरचा वर्ग करायचा आणि अडथळ्याने गुणायचे. साडेसातचा वर्ग सव्वाछप्पन्न, त्याचा निम्मा अठ्ठावीस. म्हणजे त्या स्क्रूच्या टोकावर अठ्ठावीस वॅट उष्णता सतत निर्माण होणार. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग द्यायची इस्त्री साधारण पंचवीस वॅटची असते आणि ती कथील वितळवते. तशी एक इस्त्री तुमच्या स्टार्टरच्या डब्यात रात्रभर पेटलेली आहे, असे समजा.

शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट वीज ओढते. त्या झटक्याला ढिल्या जागी ठिणगी उडते. ठिणगीने धातू काळवंडतो, काळवंडल्याने अडथळा वाढतो, अडथळ्याने उष्णता वाढते आणि उष्णतेने स्क्रू आणखी सुटतो. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

शेवटी ती तार साथ सोडते. तीनपैकी एक फेज गेली, तरी चालू मोटर लगेच थांबत नाही. ती घुमू लागते आणि उरलेल्या दोन फेजांवर तेवढेच काम ओढू पाहते. त्या दोन तारांतली वीज जवळजवळ पावणेदोन पट होते. काही मिनिटांत आतले वार्निश जळते आणि वास येतो.

यासाठीच स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. तो मोटरवरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरप्रमाणे लावलेला असेल, तर वेळीच मोटर बंद करतो. पण सारखा पडतो म्हणून आपण त्याला तार मारून 'डायरेक्ट' करतो. चिखलीच्या त्या भाऊंनीही तेच केले होते. भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा बांधून ठेवला, तर चोर आल्याचे कळणार कसे?

रात्रपाळीची वीज ज्यांच्या वाट्याला आहे आणि ज्यांनी वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच बसवला आहे, त्यांनी तर जास्तच जपावे. घुमण्याचा आवाज आणि जळण्याचा वास घ्यायला मध्यरात्री विहिरीवर कोणी नसते.

आधी हादरा थांबवा

स्क्रू आवळणे हा दुसरा उपाय झाला. पहिला उपाय म्हणजे हादरा स्क्रूपर्यंत पोहोचूच न देणे.

चिखलीच्या त्या शेतात मोटर-पंप ज्या लोखंडी अँगलवर बसवला होता, त्याच अँगलला स्टार्टरचा डबा ठोकलेला होता. मोटर थरथरली की डबाही थरथरत होता. स्टार्टर नेहमी वेगळ्या भिंतीवर किंवा वेगळ्या खांबावर बसवा. पत्र्यावर, हलणाऱ्या फळीवर किंवा वाऱ्याने डोलणाऱ्या बाभळीवर कधीही नको.

मग मोटर एवढी थरथरते का, ते पाहा. पायाचे बोल्ट सैल असतील, पाया खचला असेल, बेअरिंग झिजले असेल, पट्टा किंवा कपलिंग एका रेषेत नसेल, किंवा फूटव्हॉल्व गळून पंप हवा ओढत असेल. भरल्या तांब्यासारखा पंप शांत चालला पाहिजे. तो खडखडत असेल, तर दर आठवड्याला स्क्रू आवळून काही उपयोग नाही.

मोटरकडे जाणारी तार ताणून बांधू नका. मोटरपाशी तिला हातभर सैल वळण द्या आणि डब्यात शिरण्याआधी चिमट्याने पक्की धरून ठेवा. म्हणजे हादरा त्या वळणात जिरतो, स्क्रूवर ओढ येत नाही. पाणबुडी मोटर असेल, तर तिची केबल सुमारे तीन-तीन मीटरवर पाइपाला बांधा. सुरू होताना मोटर झटका देते, तेव्हा मोकळी केबल पाइपावर आपटते आणि घासते.

तार बसवण्याची रीत

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे. पण काम चांगले झाले की वाईट, हे मालकाला कळले पाहिजे. म्हणून पुढच्या गोष्टी ध्यानात ठेवा.

१. काळी पडलेली, जळकी तार पुन्हा वापरू नका. चकचकीत धातू लागेपर्यंत टोक कापून टाका. जळका स्क्रू, काळवंडलेले टर्मिनलही बदला.

२. बारीक तारांची वेणी असलेल्या केबलचे टोक तसेच स्क्रूखाली दाबू नका. निम्म्या तारा बाहेर निसटतात. त्या टोकाला योग्य मापाचे थिंबल बसवा आणि ते दाबायच्या पकडीनेच दाबून घ्या. हातोडीने ठोकलेले थिंबल काही दिवसांत हलू लागते.

३. तारेच्या टोकाला कथिलाचा डाग देऊन मग ती स्क्रूखाली घालण्याची काही जणांना सवय असते. तसे करू नका. कथील मऊ धातू आहे, दाबाखाली हळूहळू पसरते आणि स्क्रू आपोआप ढिला होतो.

४. एकजीव जाड तार स्क्रूभोवती वळवायची असेल, तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवा. म्हणजे आवळताना ती आत ओढली जाते, उलट वळवली तर बाहेर ढकलली जाते.

५. तारेवरचे रबर स्क्रूखाली येऊ देऊ नका. आवळताना घट्ट वाटते, पण दाब रबरावर बसतो, धातूवर नाही.

६. ॲल्युमिनियमच्या तारेची वेगळी काळजी घ्या. हा धातू दाबाखाली हळूहळू चेपतो, हवेने त्याच्यावर न दिसणारी साय धरते आणि ती साय वीज अडवते. अमेरिकेत १९६५ ते १९७३ च्या सुमारास तांबे महाग झाले म्हणून लाखो घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या. पुढे त्या घरांत जोडण्या तापून आगी लागू लागल्या, तेव्हा सरकारला चौकशी करावी लागली. दोष तारेत कमी आणि तिच्या जोडणीत जास्त होता. म्हणून ॲल्युमिनियमची तार ब्रशने घासून लगेच जोडणीचे मलम किंवा निदान व्हॅसलीन लावा. तांब्या-पितळेला जोडताना दोन्ही धातूंसाठी बनवलेले थिंबल मागून घ्या. ओलाव्यात हे दोन धातू थेट एकमेकांना लागले की गंजतात.

७. पेचकस स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा हवा. मनगटाच्या जोराने घट्ट आवळा, पण अंगाचा भार घालू नका. पितळेचे आटे मऊ असतात. एकदा घसरले की तो स्क्रू कधीच धरत नाही.

वायसर, चाकी आणि नेलपॉलिश

"साहेब, स्प्रिंग वायसर टाकला, आता काळजी नाही," असे पुष्कळ जण सांगतात. वायसर जरूर टाका. खाली साधा, वर स्प्रिंगचा. धातू थोडा चेपला तर तो ढील भरून काढायला त्याची मदत होते. पण त्याच्या भरवशावर झोपू नका. ज्या युंकरचे नाव वर घेतले, त्याच्याच पद्धतीच्या परीक्षेत दिसून आले आहे की आडवी थरथर जोराची असली, तर नुसता स्प्रिंग वायसर चाकीला फार काळ धरून ठेवू शकत नाही. खरी पकड योग्य आवळण्याचीच.

जिथे बोल्ट आणि जागा दोन्ही असतील, तिथे एकावर एक दोन चाक्या लावा. खालची पान्याने धरून ठेवा आणि वरची तिच्यावर आवळा. दोघी एकमेकींना अडवून धरतात. मोटरच्या पायाच्या बोल्टांना नायलॉनचे कडे असलेली चाकी मिळते, तीही चांगली. मात्र एकदा काढली की ती नवी घ्यावी, कारण कडे झिजल्यावर पकड राहत नाही.

आता सर्वांत स्वस्त उपाय सांगतो. स्क्रू घट्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागावर एक सरळ रेघ ओढा. तेलरंगाची चालेल. रेघ वरूनच ओढायची, तार आणि धातू जिथे टेकतात तिथे रंग जाऊ द्यायचा नाही. रेघ पुरती वाळू द्या, मगच वीज सुरू करा. पुढे डबा उघडला की एका नजरेत कळते. रेघ सरळ असेल तर स्क्रू जागेवर आहे. रेघ मोडलेली दिसली तर तो फिरला आहे.

चिखलीच्या भाऊंना हे सांगितले, तेव्हा घरात रंग नव्हता. त्यांची नववीतली मुलगी धावत गेली आणि आपली नेलपॉलिशची लाल बाटली घेऊन आली. तिनेच सहाही स्क्रूंवर नाजूक रेघा ओढल्या. भाऊ म्हणाले, "आता मोटरची बी नखं रंगली!" डोक्याला हात लावून बसलेला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

हात लावण्याआधी

पैशाचे नुकसान भरून निघते, माणूस परत येत नाही. म्हणून हे नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत.

डबा उघडण्याआधी ऑटो स्विच बंद करा, मेन पाडा, किटकॅट काढून आपल्याच खिशात ठेवा. नाहीतर तुम्ही डब्यात हात घालून असता आणि दुसरा कोणी येऊन मोटर सुरू करतो. टेस्टर आधी चालू विजेवर तपासून मग प्रत्येक टोकाला लावा. मेन पाडला तरी त्याच्या वरच्या, डीपीकडून येणाऱ्या टोकांत वीज असतेच. त्यांना हात लावू नका. कपॅसिटर बसवलेला असेल, तर वीज गेल्यावरही त्यात ती साठून राहते. पाच मिनिटे थांबा आणि त्याची टोके वायरमनवर सोडा. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी यातले काहीही करू नका. डीपीवर तर कोणत्याही कारणाने चढू नका. ते काम महावितरणच्या माणसाचे.

आणि एक स्क्रू सगळ्यांत महत्त्वाचा, पण सगळ्यांत दुर्लक्षित. तो म्हणजे मोटरच्या अंगाला अर्थिंगची तार जोडणारा. बाकीचे स्क्रू ढिले झाले तर मोटर बोलते, घुमते, वास देते. अर्थिंगचा स्क्रू ढिला झाला तर काहीच होत नाही. मोटर छान चालते. पण ज्या दिवशी आतली वीज मोटरच्या अंगावर येते, त्या दिवशी ओल्या चिखलात उभा राहून पंपाला हात लावणारा माणूस जागच्या जागी जातो. तेव्हा लाल रेघ पहिल्यांदा या स्क्रूवर ओढा.

ट्रॅक्टर, मळणी यंत्र आणि सौर पंप

ट्रॅक्टरच्या बॅटरीची टोके याच जातीची. ढिली झाली की सेल्फ लागत नाही आणि आपण बॅटरीला दोष देतो. बॅटरी पट्टीने घट्ट बांधलेली हवी. टोके काढताना आधी वजा खुणेचे काढा आणि लावताना तेच शेवटी लावा. म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो, हे विसरू नका. टोके साफ करून आवळल्यावर वर व्हॅसलीन लावा.

सोयाबीनच्या मळणीत यंत्र दिवसभर हादरते आणि भोवती वाळला भुसा उडत असतो. विजेच्या मोटरवर मळणी करणाऱ्यांनी रोज सकाळी काम सुरू करण्याआधी जोडण्या पाहाव्यात. पीळ देऊन पट्टी गुंडाळलेला जोड खळ्यात चालू देऊ नये. ते मी एकदा करून पाहिले आहे.

सौर पंप आता पुष्कळ शेतांत आले आहेत. पॅनेलच्या तारांचे जोड खटकन बसणारे असतात, पण त्यांच्या मागची चाकी फिरवूनच आवळायची असते. वाऱ्याने तार लोंबकळून हलत राहिली की ही चाकी सैल होते आणि आत पाणी शिरते. म्हणून तारा चौकटीला बांधून ठेवा. मात्र उन्हात पंप चालू असताना हे जोड ओढून कधीही सोडवू नका. सौर वीज एकाच दिशेने वाहते. तिची ठिणगी एकदा पेटली की लवकर विझत नाही.

पाहायचे केव्हा?

नवी जोडणी केली की दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठ दिवसांनी एकदा पुन्हा आवळून घ्यावी. पुढे वर्षातून तीन वेळा. तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. म्हणून सणच धरा.

दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो. हळद-कुंकू लावण्याआधी स्टार्टरचा डबा उघडून रेघा पाहा. रब्बीचे पाणी तेव्हाच सुरू व्हायचे असते. दुसरी वेळ संक्रांतीची, हंगामाच्या मध्यावर. तिसरी आखाजीची, उन्हाने सगळे तापलेले असते तेव्हा. त्या वेळी वायरमनला बोलावून टाँग टेस्टरने तिन्ही तारांतले अँपिअर मोजून घ्या. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक आकडा फार वेगळा दिसला, तर कारण शोधल्याशिवाय मोटर चालवू नका.

मधल्या काळात नाक, कान आणि डोळे उघडे ठेवा. डब्यातून चरचर आवाज येतो का, जळक्या रबराचा वास येतो का, तारेचा रंग बदलला का? आमच्या भगिनींचे नाक या कामी पुरुषांपेक्षा तिखट असते, असा माझा अनुभव आहे. चिखलीच्या त्या वहिनी मला नंतर म्हणाल्या, "भाऊ, म्या दोन डाव म्हटलं होतं, डब्याजवळ काहीतरी जयल्यावानी वास येते. कोनं आयकलंच नाही." त्यांचे ऐकले असते, तर एक तरी मोटर वाचली असती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतो. जोखडाने वर्षभर घासलेल्या खांद्याची ती जाण असते. बैल मुका, तरी त्याचे दुखणे आपल्याला कळते. मोटरही मुकीच आहे. तिचा खांदा म्हणजे तो स्क्रू.

चिखलीच्या भाऊंचा स्टार्टर आता विटांच्या वेगळ्या खांबावर आहे. रिले पुन्हा जोडला आहे. हरभऱ्याला पाणी आठ दिवस उशिरा मिळाले. थोडे नुकसान झाले, पण पीक हाती आले. दसऱ्याला मुलीनेच डबा उघडायला लावला. एक रेघ किंचित मोडलेली दिसली. वडिलांनी पेचकस फिरवला, तिने नवी रेघ ओढली.

माझ्या वडिलांच्या प्रश्नाला त्या घरात आता उत्तर आहे. बांधून दिले वायरमनने, पाहते ती नववीतली पोर. तुमच्या घरी कोण पाहणार, तेवढे आज संध्याकाळी जेवताना ठरवून टाका.